चादरीची मागची बाजू

जुन्या टीव्ही कार्यक्रमाच्या तुकड्यावर लाल गोल काढून कुणी सांगतं, 'हे आजवर कुणाच्याच लक्षात आलं नाही!' तेव्हा तो गोल काढणारा कोण, असं तुम्ही कधी विचारलंय का?

आमच्या आत्यानं तरुणपणी टीव्हीवर भजन म्हटलं होतं. गेल्या वर्षी त्याच चित्रणाचा तुकडा सोलापूरभर फिरला. आत्याच्या डोक्यामागं अंधूक, वाकडी अक्षरं, त्यांभोवती लाल गोल आणि घोगरा आवाज: 'गाणाऱ्या बाईमागे उलटा मंत्र! शेवटपर्यंत बघा.' शेवटी काहीच नव्हतं. पण तिच्या भजनी मंडळातल्या बायका तिच्या हातचा प्रसाद घेईनात. जिथं जन्मभर टाळ वाजवले, तिथं तिला कुणी बोलवेना.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढले. वडिलांची शिकवण एकच: खाली छापणाऱ्याचं नाव नाही, ते पत्रक हातात धरायचं नाही. या व्हिडिओवर ना करणाऱ्याचं नाव, ना कार्यक्रमाचं. मी संतापून निषेधाचं पत्रक लिहायला बसले.

आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. हितं फोन सोडून कोण काय वाचतंय? चल माझ्यासंगं."

तिनं घरातली चादर काखेत मारली आणि गुरुवारी भजनाच्या वेळी थेट देवळात शिरली. आत्यानं चादर उलटी धरली.

"वाचा की आता!"

मंडळाची म्होरकी पुढं झाली. काठावर विणलेल्या अक्षरांवरून तिचं बोट उजवीकडून डावीकडं सरकलं. "सो... ला... अगं बया! हे तर 'सोलापूर'! चादरीची मागची बाजू हाय ही!"

"व्हय. टीव्हीवाल्यांनी घाईत माझ्यामागं उलटी टांगली. तवाच म्हनले हुते, कोण ऐकतंय?" आत्या म्हणाली. "चादरीच्या गावात ऱ्हाता आन् चादर वळखंना व्हय तुमाला? गोलाच्या भाईर बघायचं की जरा!"

"म्हंजी रोज मंत्रच पांघरून झोपतोय की आमी!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि देऊळ हसण्यानं भरलं. म्होरकीनं प्रसादाचं ताट आत्याच्या हाती दिलं आणि स्वतःचा हात सर्वांआधी पुढं केला.

टाळणाऱ्यांना आत्यानं हसत हसत परत जवळ घेतलं. माझ्या जळजळीत पत्रकाला ते कधीच जमलं नसतं.

तो तुकडा अजून फिरतोय. तुमच्याकडं आला असेल, तर नुसता पुसू नका. ज्यांना तुम्ही तो पाठवलात, त्यांना घरातल्या चादरीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. आणि त्याखाली तुमचं नाव लिहा.