एका पायाचा पुरावा

शकुंतला देवपुजारी खामगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आली ती १९६४च्या जूनमध्ये. वडील मेहकरला शाळामास्तर. त्यांनी हट्टानं तिला नागपूरला शिकवलं होतं. एम.एस्सी.च्या वर्गात सोळा मुलगे आणि ही एकटी. सूक्ष्मदर्शकाखाली नवीन काही लावलं की प्राध्यापक म्हणायचे, "आधी मुलांना बघू द्या." तिची पाळी येईपर्यंत काचेवरचा थेंब वाळलेला असायचा. दोन वर्षं ती मुलांच्या वह्यांतली चित्रं उतरवत राहिली, आणि परीक्षेत पहिली आली. त्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. तिला मात्र संताप यायचा. न बघितलेल्या गोष्टींवर आपण पहिल्या आलो, हे ती कुणाला सांगत नसे.

खामगावात तिची मैत्री जमली शारदाशी. शारदा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होती, बोलायला तिखट. दोघींनी ठरवलं, रविवारी खेड्यात जायचं आणि बायकांना विज्ञान दाखवायचं. शिकवायचं नाही, दाखवायचं. विभागप्रमुखांनी नाखुशीनं सही केली आणि कॉलेजातला जुना पितळी सूक्ष्मदर्शक मिळाला. तो गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन दोघी एस.टी.नं सोनाळ्याला जात. तिथून पायी तासाभरावर निंबखेडी. शकुंतलेनं एक नियम केला होता: आधी बाया बघतील, पुरुषांची पाळी शेवटी.

हा नियम निंबखेडीत हसण्यावारी गेला. सरपंच भगवानराव मिशीला हात लावून म्हणाले, "चालते ना बाई. आमी मांगून पाहू. आमाले काय घाई हाये?"

गावात एक विहीर खारट होती, गुरांपुरती. गोडं पाणी एकाच ठिकाणी, जुन्या पायविहिरीत. बाया पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागरी बुडवायच्या. १९६६च्या उन्हाळ्यात त्या गावात नारूचे सतरा रोगी होते. पायाला फोड यायचा, तो फुटला की आतून दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, महिना महिना. तुटला तर पाय सडायचा. लोक म्हणत, देवीचा कोप आहे.

शकुंतलेला हे पुस्तकातून माहीत होतं. फुटलेला पाय पाण्यात बुडाला की त्यातून हजारो पिल्लं सुटतात, त्या पिल्लांना पाण्यातल्या बारीक पिसवा गिळतात, आणि माणूस त्या पिसवा पाण्याबरोबर पितो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं तरी काम होतं. पण "बाईनं सांगितलं" म्हणून कुणी गाळावं, हे तिला नको होतं.

"माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका," ती देवळापुढच्या पारावर जमलेल्या बायांना म्हणाली. "तुमच्या डोळ्यांनी बघा. नारू झालेलं कुणी पुढे येतं का?"

कुणी हललं नाही. मग मागून एक बाई लंगडत आली. झुंबरबाई. चाळिशीची विधवा, दीर तुळशीराम याच्या घरामागच्या छपरात राहायची. तिच्या नावचं वावर तुळशीरामच कसत होता. तिच्या डाव्या घोट्यावर फोड फुटलेला होता.

"माह्या पाह्यजा," ती म्हणाली. "मले कायची लाज?"

शकुंतलेनं पाय परातीत ठेवायला लावला, त्यावर गार पाणी ओतलं. जखमेतून दुधासारखं काहीतरी निघालं. त्याचा थेंब तिनं काचेवर घेतला, भिंगाखाली सरकवला, आरसा उन्हाकडे वळवला. पहिली पाळी झुंबरबाईला दिली. झुंबरबाईनं एक डोळा मिटून पाहिलं आणि लहान पोरीसारखी हसली. "अवं माय! किती वळवळून राह्यले!"

मग शेजारची रुखमाबाई, मग शालूबाई, मग सगळ्या. प्रत्येक जण बघून मागे सरायची आणि पदर तोंडाला लावायची. पुरुषांनीही शेवटी पाहिलं. भगवानराव बराच वेळ डोळा लावून होते. नंतर त्यांनी वर पाहिलं ते शकुंतलेकडे नाही, झुंबरबाईकडे.

शकुंतलेनं फडक्यातून पाणी गाळून दाखवलं. जखम असलेल्यानं विहिरीत उतरू नये, त्याचं पाणी दुसऱ्यानं भरून द्यावं, असंही सांगितलं. परतीच्या एस.टी.त तिला भूक लागली नाही की तहान. इतकी ती खूश होती.

शारदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सतरा जणांना नारू आहे. तू एकीचाच पाय दाखवलास."

"ती एकटीच पुढे आली."

"हो, म्हणूनच म्हणते."

पुढचे दोन रविवार कॉलेजच्या परीक्षांत गेले. तिसऱ्या रविवारी त्या निंबखेडीत पोचल्या तेव्हा भगवानरावांनी नारळ देऊन स्वागत केलं. "तुमच्यानं गावाचे डोये उघडले, बाई. पंचायतीनं ठराव केला. झुंबराले विहिरीवर बंदी."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे कोन्ते?"

"सोळा जण आहेत. तुमच्या घरात उत्तमराव आहेत, तुमचे पुतणे. त्यांच्या पायालाही नारू आहे."

उत्तमराव तिथेच बसला होता, पोटरीला चिंधी बांधून. सकाळीच विहिरीवर आंघोळ करून आलेला. भगवानराव शांतपणे म्हणाले, "त्याचे किडे दुर्बिनीत कोनी पाह्यले? झुंबराचे साऱ्या गावानं पाह्यले. तुमीच म्हनले ना, डोयानं पाहा अन् मंग माना."

"मग आत्ता बघू या. सगळ्यांचे पाय बघू या." तिनं पेटी उघडली. आरसा उन्हाकडे वळवला. "या पुढे. उत्तमराव, या."

उत्तमराव उठला आणि घरी गेला. त्याच्या मागोमाग एकेक जण. बायांत सहा जणींना नारू होता. त्यांनी लुगड्याचे काठ पायाखाली ओढून घेतले. शालूबाईची चिंधी शकुंतलेला दिसली. तिनं नुसतं तिच्याकडे पाहिलं, तर शालूबाई किंचाळली, "माह्याकडे काऊन पाहता? मले काईच नाई झालं!"

झुंबरबाई छपरात पडली होती. ठरावानंतर कुणी तिचं पाणी भरून देईना. पहिले दोन दिवस ती गुरांच्या विहिरीचं खारट पाणी प्यायली, मग ओकाऱ्या झाल्या. मग ती डोंगराकडच्या नाल्यावर जायला लागली, जाऊन-येऊन दोन कोस, डोक्यावर घागर आणि पायात किडा. चौथ्या खेपेला किडा आतच तुटला. पाय गुडघ्यापर्यंत भोपळ्यासारखा सुजला होता आणि त्याला वास येत होता.

"झुंबरबाई, मी तुम्हाला खामगावला दवाखान्यात नेते," शकुंतला म्हणाली.

झुंबरबाईनं तिच्याकडे पाहिलं. "तूच दावलं ना त्यायले?"

"हो."

"मंग आता आंधयं कर त्यायले. येते का तुले?"

शकुंतलेनं बाहेर येऊन तुळशीरामाला बैलगाडी मागितली. तुळशीराम म्हणाला, बैल थकले आहेत. गावात आणखी चौघांकडे गाड्या होत्या. ती चारही दारांत गेली. एका दारात तिला बसायला पाट दिला, चहा दिला, गाडी दिली नाही. सगळीकडे तेच कारण, गाडीला तो वास लागेल. शेवटी दोघी परत निघाल्या. शारदानं सोनाळ्याहून गाडी घेऊन माणूस धाडायचा खटाटोप केला. त्याला तीन दिवस लागले.

तोवर झुंबरबाईला धनुर्वात झाला होता, तिला हलवता येईना. रुखमाबाईनं नंतर शकुंतलेला सांगितलं, अगदी हळू आवाजात, परसात नेऊन. दातखीळ बसली, पाठीची कमान झाली, दारावर साधी थाप पडली तरी अंग ताठ व्हायचं. ओरडता येत नव्हतं, नुसतं दातांतून गुरगुरणं. रुखमाबाईला राहवलं नाही. ती विहिरीचं गोडं पाणी तांब्याभर घेऊन गेली, फडक्यातून गाळून. "पन तोंड उघडेना, बाई. दातावरून सारं पानी खाली गेलं. झुंबरा पाहे माह्याकडे. डोये तेवढे हालत."

त्या रविवारपासून पाचव्या दिवशी झुंबरबाई गेली. वावर तुळशीरामाच्या नावावर झालं.

पुढच्या उन्हाळ्यात निंबखेडीत नारूचे दोनच रोगी निघाले. बाया वर्षभर न चुकता पाणी गाळत होत्या. रुखमाबाईच्या आळीत तर लग्नात नवरीला घागरीबरोबर गाळायचं फडकंही दिलं. भगवानरावांनी शाळेच्या मैदानात सत्कार ठेवला. शारदानं यायला नकार दिला. शकुंतला गेली. माईकसमोर भगवानराव म्हणाले, "एक सडका पाय बाजूले केला अन् गाव वाचलं. ही बाईची कृपा."

शकुंतला उठली. ती स्पष्ट बोलली. "गाव फडक्यानं वाचलं. फडकी या बायकांनी धरली. झुंबरबाईला काढून एकसुद्धा नारू कमी झाला नाही, कारण बाकी सोळा जण रोज त्याच विहिरीत उतरत होते. तिला तुम्ही मारलं. तिचा पाय मी तुमच्यापुढे ठेवला, तेव्हा मीही मारलं."

शालूबाई मातीकडे बघत होती. मग भगवानरावांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, भाषण संपल्यावर वाजवतात तशा, आणि सगळ्यांनी वाजवल्या. उत्तमरावानं तिच्या गळ्यात हार घातला.

शारदा पुन्हा कधी खेड्यात आली नाही. पुढे ती लग्न होऊन अकोल्याला गेली. तिची पत्रं यायची, त्यात निंबखेडीचा उल्लेख नसायचा. शकुंतलेनं लग्न केलं नाही. रविवार सोडले नाहीत. नारू सरला तेव्हा तिनं बायांना रक्त दाखवलं, गव्हावरचा तांबेरा दाखवला, हिवतापाचे डास दाखवले. पण पारावर बसल्यावर ती आता पुढे कोण येतं म्हणून विचारत नसे. पाटलाच्या किंवा सरपंचाच्या घरचा नमुना आधी मागायची आणि तो मिळेपर्यंत पेटी उघडायची नाही. बहुतेक गावांत तो नमुना मिळायचाच नाही, आणि गोष्ट तिथेच संपायची. बाया वाट बघत बसलेल्या असत, आणि ती पेटी मांडीवर घेऊन दुपारच्या एस.टी.ची वाट बघे.