निळा झालेला कागद

बाळकुमच्या त्या बाईने चमचा भरला आणि मला घाम फुटला.

तेव्हा मी ठाण्याच्या एका दवाखान्यात सुइणीचं काम शिकत होते. शाळा मराठी तिसरीपर्यंत. माझा सात महिन्यांचा बाळ्या खडवलीला आईपाशी ठेवलेला. पंधरा दिवसांनी एक रविवार सुट्टी, आणि शनिवारी दुपारच्या गाडीने जायचं. तो शनिवार होता. गाठोडं बांधून तयार होतं. चोळी सकाळपासून दोनदा दुधाने भिजलेली.

झालं असं की बाटल्या धुताना एका बाटलीची चिठ्ठी सुटली. आत पाण्यासारखंच काहीतरी. चुन्याची निवळी असेल, नाहीतर पातळ केलेलं अ‍ॅसिड. निवळी लहान मुलांना पोटासाठी देतात. अ‍ॅसिड चुकून दिलं तर काय, ते सांगायला नको.

कंपाउंडरदादा म्हणाले, "यमुने, कागद लावून बघ. आंबट असेल तर निळा कागद लाल होतो. खाराच्या जातीचं, चुन्यासारखं असेल तर लाल कागद निळा. आणि आधी माझं पान दे."

पान रोज मीच लावायचे. लावलं, दिलं, बोटं पदराला पुसली. लाल कागद बुडवला. वर काढला तर निळा दिसला.

"निवळी आहे, दादा."

"मग लाव चिठ्ठी आणि दे नेऊन. त्या बाळकुमच्या बाईचं पोर सकाळपासून ओकतंय."

मी धावतच नेली. उरलेले कागद मुठीतच राहिले. ती बाई चमच्यात ओतता ओतता माझ्या चोळीकडे बघून म्हणाली, "तुजं पोर केवढं हाय गो?"

"याच्याएवढंच," म्हटलं आणि पदर सावरायला मूठ उघडली. लाल कागद सगळे निळे. ते तर मी कशात बुडवलेच नव्हते.

"थांबा, देऊ नका," म्हणून मी तिचा हातच धरला. चमचा सांडला.

परत येऊन हात घासून धुतले. नवा निळा कागद बुडवला. लालभडक झाला. अ‍ॅसिड. आधीचा कागद निळा झालेला तो बोटांपाशी, माझ्या बोटांवरच्या पानाच्या चुन्याने. बुडवलेलं टोक लालच होतं. मी घाईत तिकडे बघितलंच नव्हतं.

दादांचा चेहरा उतरला. खरी निवळी त्यांनी स्वतः नेऊन दिली. मग म्हणाले, "वेळेवर कळलं ना? जा आता, गाडी चुकेल."

"दादा, आठवडाभर मी याच हाताने तपासतेय."

"सोमवारी बघू गं."

"आणि उद्या कोणी त्यातलं दिलं तर?"

मी गाठोडं खाली ठेवलं. फळीवरच्या बाटल्या एकेक उतरवल्या. कागद लावत होते आणि डोळ्यांसमोर बाळ्या, आईच्या कडेवर, दाराकडे बघणारा. गाडीची शिटी तिथपर्यंत ऐकू आली. हातातला कागद पुन्हा लावावा लागला.

बाकी सगळ्या बाटल्या बरोबर निघाल्या.

सोमवारी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कामावर राहा. पण गेलेली सुट्टी बदलून मिळणार नाही."

पुढच्या खेपेला गेले तर बाळ्या माझ्याकडे येईना. आईच्या मानेत तोंड खुपसून बसला. संध्याकाळपर्यंत आला, पण महिनाभरात माझं दूध आटायला लागलेलं.

आता नव्या बाया शिकायला येतात. त्यांना एवढंच सांगते, कागद चिमट्याने धरा. आणि घरी जायची घाई असेल त्या दिवशी दोनदा बघा.