साहेबांच्या केबिनमधला चहा

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात एसी चालवायला कॉम्प्युटर आला, तेव्हा आम्हा टायपिस्ट बायकांना वाटलं, सुटलो. पण मजल्याचं तापमान मोजणारी एकुलती एक डबी मानाची जागा म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये लावली गेली. साहेब दौऱ्यावर गेले की बंद केबिन गारच राहायची. कॉम्प्युटरला वाटायचं, सगळा मजला गार आहे. तो हवा थांबवायचा आणि हॉलमध्ये आम्ही घामाने निथळायचो.

एसी प्लांट सांभाळणारा माणूस जवळच्या पावणे गावचा होता, पन्नाशी उलटलेला, पाय ओढत चालणारा. डबी हलवा म्हणून त्याने तीनदा अर्ज दिला. डबी हलली नाही. मग तो रोज दुपारी आपला वाफाळता चहा घेऊन रिकाम्या केबिनमध्ये जायचा आणि ग्लास डबीखाली धरून उभा राहायचा. डबी तापली की हॉलमध्ये हवा सुरू व्हायची. चहा तोवर निवलेला असायचा.

एकदा मी दारातून विचारलं, "काका, कंटाळा नाही येत?"

"येतो ना. पन त्या कांप्युटरला साहेबाचीच खोली कळते, बाय. भायेर पन मानसं हायत, ह्ये कुनी सांगाया नको?"

तो निवृत्त झाला. त्याचं नाव आमच्यापैकी कुणीच कधी विचारलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात साहेब दौऱ्यावर गेले, हॉल तापला. शेवटी मीच माझा चहा घेऊन केबिनमध्ये शिरले. डबीशेजारी भिंतीवर खांदा टेकून टेकून काळपट डाग पडला होता.

मीही तिथेच टेकले.