भुयारमामांनी कापलेली पानं

मी लिहिणारी नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शिवाय ज्या माणसाचं माझ्यामुळे वाईट झालं, त्याच्यावर मीच लिहिणं हा आगाऊपणा आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

निलंग्याच्या आमच्या वाचनालयात मुलांच्या कादंबऱ्यांचं एक कपाट होतं. त्यातल्या गुप्त खोल्यांच्या आणि भुयारांच्या प्रत्येक पुस्तकाची शेवटची पानं ग्रंथपालांनी ब्लेडनं कापून टेबलाच्या खणात ठेवली होती. त्यांना सगळे भुयारमामा म्हणत. आत अडकलेली मुलं बाहेर कशी येतात, ते आपण मामांसमोर उभं राहून सांगायचं. त्यांना पटलं, तर पानं तिथंच बसून वाचायला मिळत. "शेवट फुकट दिला की पोरं परत येत न्हाईत," असं ते म्हणत.

पुस्तकांवर मात्र त्यांचा फार जीव. खाकी कव्हरं स्वतः घालत. कुठल्या गोष्टीत दार फडताळामागं आहे, कुठल्यात हौदाखाली, सगळं तोंडपाठ. नवीन मूल आलं की भिंतीवर टकटक करून विचारत, "पोकळ वाजतंय का रे? कान लाव की!" मूल खरंच कान लावी, आणि पेपर वाचायला आलेले म्हातारे हसत.

त्या हसण्याची मला भीती वाटे. तरी सातवीत असताना उभी राहिले. किल्ल्यातल्या गुप्त खोलीत एक मुलगी कोंडली गेली होती. मी म्हणाले, ती ओरडते आणि शेजारचे येऊन दार उघडतात.

"शेजारचे?" मामा खुर्चीत रेलले. "शेजाऱ्याला ठावं असंल तर गुप्त कशाची? पण तुमचं घरच एका खोलीचं. तुला गुप्त खोली कुठून सुचावी?"

सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, "मामा, पोरगी रडायलीय."

"रडू द्या. उद्या दुसरा शेवट आणंल."

मी आणला. पुढं कितीतरी नेले. "लई सोपं हाय," एवढंच ऐकायला मिळे. बारावीनंतर नांदेडला प्रवेश ठरला, तेव्हा पुन्हा गेले. म्हटलं, मामा, आता तरी ती पानं द्या.

"कॉलेजात चाललीस, अन् अजून एक दार उघडंना व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयाच्या समितीला अर्ज दिला. पानं परत लावून द्यावीत, एवढंच मला हवं होतं. समितीनं खण उघडला. पानांवर पुस्तकांची नावं नव्हती. कुठलं पान कुठलं, ते एकट्या मामांना ठाऊक. "आठ दिवस द्या, समदी चिकटवून देतो," ते म्हणाले. अध्यक्षांनी त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना मामा माझ्याजवळ थांबले. "आता तुला शेवट कोण सांगंल गं?"

परवा गावाकडच्या मैत्रिणीचा, सुरेखाचा, फोन आला. ती पुस्तकं अपुरी म्हणून समितीनं रद्दीवाल्याला दिली. टेम्पो भरताना मामा रस्त्यात उभे राहिले. मला समदे शेवट पाठ हायत, हातानं लिहून देतो, म्हणून हात जोडत होते.

"मग रद्दीवाला म्हणाला, सांगा बरं एक," सुरेखा म्हणाली. "अन् मामांना एकबी आठवंना! समदी लोकं लई हसली बघ."

सांगताना तीही हसत होती. मीही हसले.