विमानतळावरचा दुसरा कप

बंगळूरच्या विमानतळावर मी आयुष्यातली सगळ्यात चांगली कॉफी प्यायलो आणि ती पिता पिताच बायकोच्या धाकट्या भावाची नोकरी घालवली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी भलती दया यायला नको.

साहेब आणि मी कंपनीसाठी नवीन मशीन बघायला गेलो होतो. परतीच्या विमानाला वेळ होता. साहेब म्हणाले, आता घरी जायच्या आधी इथली खरी कॉफी घेऊ. कोपऱ्यातल्या काउंटरवर ती स्टीलच्या पेल्यात मिळाली, खाली खोलगट वाटी, वर फेस. कवठे येमाईला आमच्या घरी कॉफी म्हणजे परीक्षेच्या दिवसांत जागायला दुधात टाकायची भुकटी. ही आधी कडू लागली आणि मग जिभेवर रेंगाळली. मी खूश झालो. साहेबांनी पेला स्वतः आणून दिला, त्याने जास्तच.

दुसरा कप आला तेव्हा त्यांनी विषय काढला. मशीन आलं की पॅकिंगमधल्या चार कंत्राटी माणसांपैकी एक कमी करायचा होता. नाव मी सुचवायचं.

एकाचा चुलता सरपंच. दुसऱ्याच्या मागे साखर कारखान्याचा संचालक. तिसऱ्याची भावकी उद्या गेटवर येऊन बसली असती. चौथा माझा मेहुणा, चौघांत कामाला उजवा. निघताना त्यानेच मला सांगितलं होतं, साहेबांपाशी माझं परमनंटचं तेवढं बघा.

मी मेहुण्याचं नाव सांगितलं.

"त्याच्यासाठी कुणी बोलायला येणार नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो आणि पेल्यातला शेवटचा घोट घेतला.

मग त्याच काउंटरवरून कॉफीची एक पुडी घेतली, मेहुण्यासाठी. एवढा नीचपणा मला अगदी सहज जमला.

लोहगावच्या विमानतळाबाहेर तो मोटरसायकल घेऊन उभा होता, माझ्यासाठी कामावर खाडा करून. पुडी पाहून हरखला. शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये त्याने एकदाच मागे वळून विचारलं, साहेबांशी बोलणं झालं का. मी झालं म्हणालो. तिथून कारेगाव येईपर्यंत तो गाणं गुणगुणत होता आणि मला त्याचाच राग येत होता. असा भाबडा माणूस डोक्यात जातो.

महिनाअखेरीस त्याला काढलं. मी भेटायला गेलो, कारण नसतो गेलो तर बायकोला संशय आला असता. पुडी तशीच होती. परमनंटचं लेटर आल्यावर फोडायची म्हणून त्याच्या बायकोने ती डब्यात जपून ठेवली होती. आता कशाला ठेवायची, म्हणून तिने त्या दिवशी फोडली आणि दूध-साखर घालून चहासारखी उकळली. मला कपात दिली, दोन्ही लेकींना बशीत.

मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही व्हता म्हणून इतके दिस तरी टिकलो. परत एकदा सायबाच्या कानावर घाला. तुमच्याबिगर माझ्यासाठी बोलणारं कोण हाय?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो.

त्याच्या बायकोने आणखी देऊ का म्हणून विचारलं. मी कप पुढे केला.