बारा फोटोंची तीट

नागपूर स्टेशनवर गाडी हलायच्या आधी बाबांनी आपला कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "आधी नीट बघ, मग बटण दाब. रोलमध्ये छत्तीसच असतात," एवढंच म्हणाले. आई रडत होती, म्हणून बहुधा त्यांना रडता आलं नाही. १९९३ साल. नवरा ओहायोतल्या डब्लिनला प्रोग्रॅमर होता, त्याच्या मागून मी निघाले होते.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, आंबेडकरी चळवळीतले. नजर लागणं, दृष्ट काढणं हे शब्द आमच्या घरात थट्टेपुरतेच. मी आणि भाऊ, दोघंही बिनतिटीचे वाढलो.

डब्लिनला वर्क परमिट येईपर्यंत तीन वर्षं शेजारच्या बाळांचे फोटो हौसेने काढले. परमिट आल्यावर बेसमेंटमध्ये पांढरा पडदा टांगला, दोन लाइट आणले, कार्डं छापली. दोन महिने फोन वाजला नाही. "काँप्युटरचा कोर्स कर ना यार," नवरा म्हणाला. मी ख्रिसमसपर्यंतची मुदत मागून घेतली.

पहिली खरी ऑर्डर जोशी काकूंची. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याहून आलेल्या, परत जाताना नातवाचे बारा फोटो न्यायचे होते. त्याला न्हाऊमाखू घालून, गालावर ठसठशीत तीट लावूनच त्यांनी आणलं. लॅबमधून पाकीट आलं ते आनंदाच्या भरात मी न बघताच त्यांच्या हातात दिलं.

काकूंनी चष्मा लावला. "अगं, तीट कुठाय?"

बाराही फोटोंतून ती गेली होती. लॅबमधल्या भल्या माणसाने डाग समजून ती काढून टाकली होती, आणि तसं चिठ्ठीत प्रेमाने लिहिलंही होतं. काकूंचं विमान दुसऱ्या दिवशी. "उघड्या गालाचं पोर मी चारचौघांना कसं दाखवू?" त्या म्हणाल्या. गावातल्या सगळ्या मराठी बायका त्यांच्या लेकीच्या मैत्रिणी. ही ऑर्डर गेली की धंदा गेला, हे मला स्वच्छ दिसलं. मी घाबरले.

प्रिंटवरचे धुळीचे पांढरे ठिपके भरायला माझ्याकडे बारीक ब्रश आणि रंग असायचा. तोच घेऊन बसले. जन्मात कुणाला तीट न लावलेली मी, बारा गालांना लावत सुटले. काकू शेजारी बसून तपासत होत्या. एक जरा मोठी झाली.

"असू दे, हा माझ्या जावेला देते."

ख्रिसमसपर्यंत सात बाळं येऊन गेली. कोर्सचा विषय नवऱ्याने पुन्हा काढला नाही. लॅबच्या पाकिटावर मी ठळक लिहायला लागले, गालावरचा काळा ठिपका काढू नये.

माझी लेक झाली तेव्हा तिचा फोटो मात्र बिनतिटीचाच नागपूरला पाठवला. बाबांची लेक ना मी! दोन वर्षांनी गेले तर तो भिंतीवर फ्रेममध्ये, आणि काचेवर, बरोबर गालाच्या जागी, काजळाचा ठिपका.

"आई, हे काय? बाबांना चालतं?"

"मला काय विचारतेस? त्यांनीच लावलीय. काच पुसतात तीसुद्धा तेवढी जागा सोडून."

बाबांनी तोंडासमोरचा पेपर खाली केला नाही. "शाईचा डाग असेल," म्हणाले.

घर म्हणजे काय, हे इथे अमेरिकेत आपण सगळेच एकमेकांना विचारत असतो. माझ्यापुरतं सांगते. जन्मभर काहीही न मानलेल्या माणसालाही जिथे आपल्यापायी भीती वाटते, ते घर. बाबा गेल्यावर ती फ्रेम मी डब्लिनला आणली. काच दर रविवारी पुसते, तेवढी जागा सोडून.