आधी माझ्या घरी

सकाळच्या चहाचा पहिला घोट घेण्याआधी बनुबाई वर छपराच्या पत्र्याकडं बघून देवाला म्हणायची, "उठलास का बाबा?" भाकरी थापताना देवाला गल्लीतल्या बातम्या सांगायची. भाजी खारट झाली तर त्याच्यावरही थोडा ठपका ठेवायची. प्रार्थनेला डोळे मिटायची नाही, मिटले की झोप लागते म्हणायची. 'आमेन' बहुतेकदा राहूनच जायचं, कारण बोलणं संपलेलं नसायचं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाआधीचं गीत सुरू झालं, की ती मागच्या बाकावरून उठायची आणि चर्चच्या बाजूच्या दाराने निघून जायची.

तिचं हे उठून जाणं प्रांजल लहानपणापासून बघत आली होती. प्रांजलचे आजोबा आप्पासो चर्चच्या मंडळीचे जुने पंच. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बाकाबाकांवर तेच फिरवायचे. बनीचा विश्वास थंड पडलाय, असं ते घरी म्हणायचे. प्रांजललाही तेच खरं वाटायचं.

बी.ए. झाल्यावर एका हंगामात प्रांजल पलूसजवळच्या द्राक्षाच्या शेडवर वजनाच्या काट्यापाशी कामाला लागली. बनुबाई शेजारीच बसून कात्रीने घडातले सडके मणी काढायची. हात चालू, तोंड चालू. एकदा प्रांजलशी बोलता बोलता ती मध्येच वर बघून म्हणाली, "थांब की जरा, ह्या पोरीचं ऐकू दे." प्रांजलला हसू आलं, आणि मग हेवा वाटला. सगळी गीतं तिला तोंडपाठ होती. पण आई गेल्यापासून चर्चच्या बाहेर देवाशी एक शब्द बोलणं तिला जमलं नव्हतं.

तिने एक दिवस विचारलंच, की आत्या, तुम्ही प्रभुभोजन का घेत नाही?

बनुबाईने कात्री खाली ठेवली आणि सांगू लागली. तिचा नवरा शांतवन बिरोबाच्या जत्रेत जुन्या दोस्तांबरोबर ढोल वाजवायचा. तो वारला, तेव्हा अशा माणसाला मंडळीच्या दफनभूमीत जागा द्यायची का, हा प्रश्न आप्पासोंनीच काढला. चर्चा लांबली. माणूस दिवस मावळेपर्यंत अंगणात पडून राहिला. शेवटी जागा मिळाली. बनुबाई मात्र त्या दिवसापासून आप्पासोंशी बोलली नव्हती.

"मग सांग," ती म्हणाली, "तुझ्या आज्ज्याशी अबोला धरायचा आन बाबाच्या ताटाला जाऊन बसायचं? त्याला दिसत न्हाई व्हय?"

भांडणं ठेवून बसणारे पुष्कळ आहेत, असं प्रांजल म्हणाली.

"त्येंचं त्ये बघतील. माझं रोजचं बोलनं हाय त्याच्याशी. मला न्हाई जमत."

संध्याकाळी प्रांजलने हे आजोबांना सांगितलं. आप्पासो जेवता जेवता थांबले. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी ताट नेहमीप्रमाणे सगळ्यांपुढं फिरवलं, परत नेऊन ठेवलं आणि स्वतः न घेता जागेवर जाऊन बसले. चर्चचे पाळकसाहेब बघत राहिले. बनुबाई त्या दिवशी चप्पल शोधत बाजूच्या दारातच रेंगाळली होती. तिनेही बघितलं.

सोमवारी शेडवर तिने आधी दोन घड साफ केले. मग वर बोट करून म्हणाली, "ह्या बाबानं लय घोळात घेतलं बघ मला. म्हातारा उपाशी बसला की माझ्यापायी."

"मग?"

"मग काय. आज्ज्याला सांग, म्होरल्या पयल्या रविवारच्या आदल्या दिवशी माझ्याकडं पुरनपोळी खायाला ये. आदी माझ्या घरी, मग दोघं त्याच्या घरी जाऊ."

आप्पासोंनी निरोप ऐकला आणि धोतर धुवायला टाकलं. शनिवार अजून लांब होता. त्या दिवसांत प्रांजलही भांडी घासताना हळूच काहीबाही बोलू लागली. आईबद्दल. ऐकणारा कोणी आहे, असं तिला वाटायला लागलं होतं. ही वाट बनुबाईने दाखवली, तीही न शिकवता. त्याबद्दल तिचे आभार मानायचे अजून राहिले होते.

जेवणाच्या दोन दिवस आधी, गुरुवारी सकाळी, प्रांजल गूळ घेऊन बनुबाईकडं गेली. दार उघडं होतं. बनुबाई भिंतीला टेकून बसली होती, मान जरा वर, बोलता बोलता थांबल्यासारखी. अंग गार पडलं होतं.

या वेळी चर्चा झाली नाही. दफनभूमीचं फाटक आप्पासोंनी स्वतः उघडलं आणि माती लोटून होईपर्यंत ते उन्हात उभे राहिले.

परतताना ते बनुबाईच्या घराशी वळले. आत जाऊन जमिनीवर बसले. प्रार्थना म्हणायची तर ते नेहमी उभे राहून, पुस्तकी भाषेत म्हणायचे. आता त्यांनी पत्र्याकडं बघितलं.

"बाबा," ते म्हणाले, "हिनं जेवाय बोलिवलं हुतं. मी येनार हुतो."

प्रांजल त्यांच्याजवळ बसली. समोर पोळ्यांच्या गव्हाचं सूप होतं. निवडलेले गहू एका कडेला, खडे पितळी ताटलीत, आणि निम्म्याहून जास्त गहू अजून निवडायचे होते.